मांजरीच्या लसीनंतर तुमच्या हेल्पलाइनने सांगितलेल्या औषधाबद्दल तक्रार

दिनांक : १८ नोव्हेंबर २०२४

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
घरपोच पाळीव प्राणी लसीकरण सेवा

विषय : लसीची रिॲक्शन आलेल्या मांजरीला पॅरासिटामॉल द्यायला सांगितल्याबाबत

महोदय,

मी समुद्रपूर तालुक्यातल्या (जि. वर्धा) एका गावात आशा स्वयंसेविका आहे. रविवारी, १० नोव्हेंबरला तुमची गाडी आमच्या गावात आली होती. तुमच्या माणसाने माझ्या ठमीला, म्हणजे मांजरीला, तिहेरी लस (तीन आजारांवरची एकच लस) आणि रेबीजची लस दिली. पुढच्या वीस मिनिटांत तिचा जीव जायची वेळ आली. लसीची रिॲक्शन येणं कोणाच्या हातात नसतं, हे मला कळतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या वेळी तुमच्या हेल्पलाइनने जे औषध द्यायला सांगितलं ते मी दिलं असतं, तर ठमी आज घरात नसती. तक्रार त्याची आहे.

ठमी सव्वा वर्षाची आहे आणि घराबाहेर जात नाही. आधीची मांजर विषारी औषध खाल्लेला उंदीर खाऊन मेली, तेव्हापासून मी हिला बाहेर सोडत नाही. घरातल्या मांजरीला लस कशाला, असं गावात सगळेच विचारतात. पण तिहेरी लस ज्यांच्यापासून वाचवते त्यातल्या पॅनल्यूकोपेनियाचा, म्हणजे मांजरींच्या एका जीवघेण्या आजाराचा, विषाणू आपल्या चपलांबरोबरही घरात येतो आणि महिनोन् महिने टिकून राहतो. शिवाय घरात माझा नातू आहे, म्हणून रेबीजची लस हवीच. आमच्या सरकारी दवाखान्यात गाई-म्हशींच्या लसी मिळतात, मांजरीची तिहेरी मिळत नाही. त्यामुळे तुमची गाडी गावात येणार म्हटल्यावर मला आनंदच झाला होता. दोन्ही लसींचे १,५०० रुपये मी आधीच भरले होते.

मागच्या वर्षीच्या दुसऱ्या डोसनंतर ठमीचा एक डोळा सुजला होता. हे मी सांगायला लागले, तर तुमचा माणूस म्हणाला, "होतं थोडंफार, काकू." कार्डावर त्याने ते लिहिलं नाही, की दोन लसी वेगवेगळ्या दिवशी घेऊ असंही म्हणाला नाही. दोन्ही इंजेक्शनं मानेच्या मागे, एकाच जागी टोचली. ११ वाजून १० मिनिटांनी लस दिली आणि सव्वाअकराच्या आत गाडी जामच्या दिशेने निघून गेली.

माझी अर्धी नोकरी लसीकरणाच्या सत्रात जाते. बाळाला लस दिली की आईला अर्धा तास आम्ही जागचं हलू देत नाही. नर्सबाईंच्या किटमध्ये ॲड्रेनॅलिनची, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या रिॲक्शनवरच्या इंजेक्शनची, ॲम्प्युल असते. कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो, पुढची तारीख कोणती, कार्ड जपून ठेवा, या चार गोष्टी सांगितल्याशिवाय आई घरी जात नाही. यातली एकही गोष्ट तुमच्या माणसाने केली नाही. कार्डावर लसीचं स्टिकर नाही, बॅच नंबरही नाही.

साडेअकराच्या सुमारास ठमीला दोनदा उलटी झाली, नुसता पांढरा फेस. मग ती पुढच्या खोलीत वेचून आणलेल्या कापसाच्या ढिगात शिरून बसली. बाहेर काढलं तेव्हा तोंड सुजलेलं होतं, डोळ्यांच्या फटी झाल्या होत्या, मिशांना कापूस चिकटला होता. कुत्र्यासारखी तोंड उघडून श्वास घेत होती. मांजर सहसा तशी धापा टाकत नाही. ओठ वर करून पाहिलं तर हिरड्या पांढऱ्याफटक.

हेल्पलाइनला फोन लावला. नऊ मिनिटं गाणं वाजत राहिलं. मग एका मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लसीनंतर हे नॉर्मल आहे. चोवीस तास बघा. अंग गरम लागलं तर लहान मुलांचं पॅरासिटामॉल सिरप अर्धा चमचा द्या." ती बोलली नीट, तिच्यावर माझा राग नाही. तिच्यासमोर जे लिहून ठेवलं असेल तेच तिने वाचून दाखवलं असणार.

मी ते देणारच होते. पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची लस) दिल्यावर बाळाला ताप येतो म्हणून हेच औषध मी आयांना वर्षानुवर्षं सांगत आले आहे. बाटली कपाटातच होती. एका हाताने मी तिचं झाकण उघडलं होतं आणि दुसऱ्या हाताने फोन लावून शेजारचा मुलगा उचलतो का बघत होते. तो सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. त्याने फोन उचलला आणि ओरडलाच, "बाटली खाली ठेवा आधी, काकू. मांजरीले ते देऊ नोका, जहर हाय तिच्यासाठी. तिले घेऊन या."

भाजीच्या क्रेटमध्ये जुनं लुगडं अंथरून तिला ऑटोने नेलं. रविवार असूनही डॉक्टर आले. त्यांनी आधी ॲड्रेनॅलिन दिलं, मग स्टेरॉइड आणि ॲलर्जीचं इंजेक्शन, आणि सलाईन लावलं. दुपारी तीनच्या पुढे तिने तोंड मिटून श्वास घेतला. तोपर्यंत मी क्रेटच्या फटीतून तिचा पंजा धरून बसले होते. तो थंडगार होता, मग हळूहळू ऊब आली.

डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं. पॅरासिटामॉल पचवायला लागणारी ताकद मांजरीच्या यकृतात जवळजवळ नसतेच. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात. त्या विषबाधेतही तोंड आणि पंजे सुजतात. म्हणजे औषधाने ती गेली असती आणि आम्ही सगळे लसीलाच दोष देत बसलो असतो. एक-दोन दिवस मरगळ येणं, जेवण कमी होणं, टोचलेली जागा दुखणं, एवढ्याला नॉर्मल म्हणता येतं. तोंडाची सूज, वारंवार उलटी, धाप, पांढऱ्या हिरड्या यातलं काहीही दिसलं की थांबायचं नसतं. यातलं सगळं मी तुमच्या हेल्पलाइनवरच्या मुलीला सांगितलं होतं.

आता ठमी जेवते, खेळते. मानेवर हरभऱ्याएवढी गाठ आहे. बहुतेक गाठी आपोआप जिरतात, पण ती तीन महिन्यांनंतरही राहिली, दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली किंवा एक महिन्यानंतर वाढत गेली, तर तिचा तुकडा काढून तपासायचा आहे. क्वचित अशा जागी कर्करोगाची गाठ होते. म्हणून जाणते डॉक्टर लस पायाच्या खालच्या भागात आणि वेगवेगळ्या पायांत देतात. तशी वेळ आलीच तर पाय काढून जीव वाचवता येतो, मानेवरून तेवढं काढायला जागा नसते. दोन्ही लसी एकाच जागी टोचल्यामुळे ही गाठ कोणत्या लसीची, हेही आता कळणार नाही.

आणखी एक गोष्ट मनाला फार लागली आहे. त्या दिवशी गल्लीने ठमीला क्रेटमध्ये पाहिलं. परवाच्या सत्रात एक आई मला म्हणाली, "ताई, तुमच्या मांजरीचं काय झालं ते पायलं आम्ही. आज राहू द्या." तिच्या बाळाला गोवर-रुबेलाचा डोस द्यायचा होता. मी दोनदा घरी गेले, तेव्हा कुठे ती आली. अशी एक आई तयार करायला आम्हाला कधी कधी महिने लागतात.

लसीचे पैसे मला परत नकोत. ऑटो आणि औषधांचे ९४० रुपये झाले, त्याच्या पावत्या जोडल्या आहेत, तेवढे द्यावेत. दोन्ही लसींचे बॅच नंबर आणि मुदतीची तारीख मला लेखी कळवा, डॉक्टरांनी मागितली आहे. ही रिॲक्शन तुम्ही लस बनवणाऱ्या कंपनीला कळवली का, तेही सांगा. पण सगळ्यात आधी हेल्पलाइनच्या कागदावरून मांजरीसाठी पॅरासिटामॉल हा शब्द खोडा आणि तिथे बसणाऱ्या प्रत्येकाला ते का खोडलं हे सांगा. औषधाचा प्रश्न आला की फोन पशुवैद्यकालाच जोडला पाहिजे, आणि तो मिळत नसेल तर निदान १९६२ हा सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर तरी द्या. गाडीत ॲड्रेनॅलिन आणि ते देऊ शकणारा पशुवैद्यक नसेल, तर दवाखाना तासाभराच्या वाटेवर असलेल्या आमच्यासारख्या गावात सुई काढू नका.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मी वर्ध्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. कॉल कोणत्या वेळी झाला आणि किती मिनिटं चालला, ते माझ्या फोनमध्ये आहे. तुमच्याकडचं रेकॉर्डिंग पुसू नका.

२४ तारखेच्या रविवारी तुमची गाडी पुन्हा आमच्या गावात येणार असल्याचा मेसेज आला आहे. सहा घरांनी नावं दिली आहेत, त्यातल्या चार घरी मांजरी आहेत. त्याआधी मला फोन करा. सकाळी मी गृहभेटींना असते, दुपारी दोननंतर केव्हाही करा.

आपली,
एक ग्राहक
ता. समुद्रपूर, जि. वर्धा

सोबत : लसीकरण कार्डाची प्रत, दवाखान्याचा कागद, पावत्या, ठमीचे त्या दिवशीचे दोन फोटो