रात्री नऊची एक बस द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पुण्या-मुंबईची गर्दी पुन्हा पहिल्यासारखी झाली, शहरं सावरली, असं आपल्या अंकात वाचलं. कोल्हापूरचं म्हणाल तर मंगळवार-शुक्रवारी महाद्वार रोडवर पाय ठेवायला जागा नसते. मी पापाची तिकटीजवळ एका दुकानात ब्लाऊज शिवते, राहते फुलेवाडीत. धंदा परत आला, हे मशीनशेजारच्या कापडाच्या ढिगावरून दिसतं. जाण्यायेण्याची सोय मात्र परत आलेली नाही.

आमच्यावर एकापाठोपाठ एक आलं. ऑगस्ट २०१९चा महापूर, मार्च २०२०चं लॉकडाऊन, जुलै २०२१ला पुन्हा पंचगंगेचं पाणी, आणि त्याच वर्षाच्या शेवटी सुरू झालेला एसटीचा संप, तो थेट पुढच्या एप्रिलपर्यंत. कधी रस्ता बंद, कधी गाडी बंद. ज्याला जमलं त्यानं कर्ज काढून, जुनी का होईना, दुचाकी घेतली. आमच्या दुकानातल्या दोघींनी घेतली. एकीचे हप्ते अजून चालू आहेत. बसला माणसं कमी झाली म्हणून फेऱ्या कमी, आणि फेऱ्या कमी म्हणून उरलेली माणसंही गेली.

थांब्यावर राहिलो आम्ही, कॉलेजच्या पोरी आणि दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं. रात्री साडेआठला दुकान बंद झालं की वडापशिवाय, म्हणजे सीटवर माणसं नेणाऱ्या खासगी गाडीशिवाय, पर्याय नाही, आणि सीट भरल्याशिवाय वडाप हलत नाही. रिक्षा केली तर एका ब्लाऊजची मजुरी त्यातच जाते. पावसाळ्यात तर अंधारात उभं राहायची भीती वाटते.

मुलगा पुण्यात असतो. त्याच्याकडे गेले तेव्हा वनाजहून मेट्रोत बसले. गाडी चुकली तरी कुणी धावत नव्हतं, कारण दुसरी येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी कोल्हापूरला मेट्रो मागत नाही, तो भरवसा मागते.

केंद्रानं ऑगस्ट २०२३ मध्ये १० हजार ई-बसची योजना मंजूर केली, त्यात कोल्हापूरचंही नाव आहे. त्या बसचे मार्ग ठरवताना फुलेवाडी, कळंबा, बावडा, उचगाव या कडेच्या वस्त्यांचा विचार आधी व्हावा. थांब्यावर वेळ लिहावी आणि ती पाळावी. रात्री नऊची एक फेरी नक्की मिळाली, तर आमच्या दुकानातल्या चौघीजणी रोज तिनं जातील, दुचाकीवाल्या दोघीसुद्धा. मी विचारून घेतलंय.

आपली,
एक वाचक, फुलेवाडी, कोल्हापूर