साप कुत्र्याला चावला तर

महोदय,

सर्पदंशाच्या सूचना आपण छापता, त्यांत पाळीव कुत्र्यांसाठीही चार ओळी असाव्यात.

आमच्या चंपीला घोणस नाकपुडीजवळ चावली. कुत्रा हुंगायला पुढे जातो, म्हणून दंश बहुधा तोंडावर नाहीतर पुढच्या पायावर होतो. बघता बघता थोबाड सुजले. मी आधी गळपट्टा काढला. सूज मानेवर उतरली की त्याचाच फास होतो. जमलेल्यांपैकी एकाने दोरी आणली, दुसरा ब्लेड शोधू लागला. दोघांनाही मी तिला हात लावू दिला नाही. घोणशीच्या विषाने रक्त गोठायचे थांबते. अशा वेळी चिरा देणे म्हणजे रक्तस्राव ओढवून घेणे, आणि आवळून बांधले की तो भाग सडण्याची भीती. घरातली वेदनाशामक गोळीही देऊ नये, काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. चंपीला चालू न देता चादरीत उचलून गाडीत ठेवले आणि निघण्याआधी फोन लावले. पहिल्या दवाखान्यात प्रतिविष नव्हते, दुसऱ्यात होते. थेट दुसरीकडेच गेलो.

रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत मी नोकरी केली आहे, त्यामुळे डॉक्टरांनी काचेची कोरडी नळी काढली तेव्हाच ओळखले. रक्त 20 मिनिटे न हलवता ठेवायचे, मग नळी तिरपी करायची. चंपीचे रक्त पाण्यासारखे वाहिले. लगेच सलाईनमधून प्रतिविष सुरू झाले. हे औषध माणसांना देतात तेच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते, म्हणून साप मारून आणण्यात वेळ घालवू नये. कुत्रा लहान म्हणून मात्राही कमी करता येत नाही, कारण शरीरात शिरलेले विष त्याच्या वजनावर ठरत नाही. पुढे मूत्रपिंडाच्या तपासण्या झाल्या. चंपी वाचली.

मण्यारीची मला जास्त धास्ती वाटते. तिच्या दंशाला सूज जवळजवळ नसते, आणि कुत्रा पापण्या ढाळू लागेपर्यंत घरचे निर्धास्त असतात. नाग किंवा मण्यार चावल्यास श्वास बंद पडू शकतो, तेव्हा प्रतिविषाबरोबर कृत्रिम श्वासाचीही सोय लागते.

प्रतिविष कोणत्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आहे, रात्री कोण फोन उचलते, कृत्रिम श्वासाची सोय कुठे आहे, याची यादी पशुवैद्यांकडून मिळवून आपण छापावी आणि दर पावसाळ्याआधी ती पुन्हा तपासून घ्यावी, ही विनंती.

— एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ