हक्क 'दिले' की 'मान्य केले'?

संपादक महोदय,

माझ्या आठवीतल्या नातीला गेल्या आठवड्यात नागरिकशास्त्राचा तपासलेला पेपर मिळाला. 'भारतीयांना मूलभूत हक्क कोणी दिले?' या प्रश्नाला तिने लिहिले होते, 'कोणीच दिले नाहीत, ते माणसाला जन्मतःच असतात. संविधान त्यांचे रक्षण करते.' त्यावर लाल फुली आणि शेजारी बाईंच्या अक्षरात 'संविधानाने'. मी ३१ वर्षे हाच विषय शिकवला आणि बरीच वर्षे 'दिले' हेच क्रियापद वापरून शिकवला. तरी सांगते, नातीचे उत्तर बरोबर आहे. या क्रियापदाची किंमत आमच्या घराने मोजलेली आहे.

आणीबाणीत, जुलै १९७५मध्ये, माझ्या वडिलांना मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवण्याच्या कायद्याखाली, स्थानबद्ध केले. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. आरोपपत्र नाही, खटला नाही. आई वकिलांकडे गेली तर ते म्हणाले, "वहिनी, जरा थांबा, दिल्लीचा निकाल येऊ द्या." सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल २८ एप्रिल १९७६ रोजी आला. जबलपूर खटला म्हणून तो ओळखला जातो. त्याआधी नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांचे अर्ज ऐकून घेता येतात, असे म्हटले होते. सरकारचा युक्तिवाद असा, की जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क फक्त अनुच्छेद २१मध्ये आहे आणि त्यासाठी कोर्टात जाणे राष्ट्रपतींच्या आदेशाने स्थगित आहे, म्हणजे विषय संपला. न्या. हंसराज खन्ना यांनी ॲटर्नी जनरल नीरेन डे यांना विचारले, एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाला ठार मारले तर? आणीबाणी असेपर्यंत दाद मागता येणार नाही, असे उत्तर आले. पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारची बाजू मान्य केली. स्थानबद्धांची सरकार जवळजवळ आईच्या मायेने काळजी घेते, असेही न्या. बेग यांनी निकालात लिहिले. आमची आई त्या वर्षी शिवणकाम करून आम्हा तिघा भावंडांना पोसत होती.

'दिले' या शब्दातून इथवर जाता येते. दिलेली वस्तू देणारा परत मागू शकतो.

एकट्या खन्नांनी वेगळा निकाल लिहिला. अनुच्छेद २१ हे या हक्काचे एकमेव ठिकाण नव्हे, संविधान येण्याआधीही कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचा जीव किंवा स्वातंत्र्य हिरावता येत नव्हते, असे त्यांनी म्हटले. जानेवारी १९७७मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्नांनी राजीनामा दिला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने जबलपूरचा निकाल चुकीचा ठरवला. तसे लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड, आणि १९७६च्या त्या चौघांत त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड होते.

हा विचार महाराष्ट्राला परका नाही. थॉमस पेनचे मानवी हक्कांवरचे लेखन वाचलेल्या जोतीराव फुल्यांनी 'निर्मीका'ने, म्हणजे सृष्टीच्या निर्मात्याने, सर्व स्त्री-पुरुषांना जन्मतः स्वतंत्र आणि हक्कांना पात्र केले, असे मांडले. तेव्हा संविधान नव्हते, राज्य इंग्रजांचे होते. ज्यांचा निर्मीकावर विश्वास नाही त्यांनी नुसती बुद्धी वापरून पाहावी. मला मारू नये असे मला वाटते ते कुठल्या कलमामुळे नव्हे, आणि समोरचाही माझ्यासारखाच माणूस आहे हे मला दिसते. डिसेंबर १९२७मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी १७८९च्या फ्रेंच राज्यक्रांतीची आठवण काढली आणि माणसे जन्मतः समान आहेत, असा ठराव झाला. चवदार तळे तर महाडच्या नगरपालिकेने १९२४मध्येच कागदावर खुले केले होते. पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ला.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्यांना हे पटत नाही. ते म्हणतात, कोर्टात मागता येत नाही तो हक्क कसला? याला माझ्याकडे सोपे उत्तर नाही. बाबासाहेबांनीही दाद मागण्याच्या अनुच्छेद ३२ला संविधानाचा आत्मा म्हटले होते. पण म्हणूनच अनुच्छेद २१ नीट वाचावा. तिथे 'हक्क देण्यात येत आहे' असे लिहिलेले नाही. कायद्याने ठरवलेल्या पद्धतीवाचून कोणत्याही व्यक्तीचे जीवित वा स्वातंत्र्य हिरावले जाणार नाही, असे आहे. म्हणजे आधीच असलेल्या गोष्टीला तिथे कुंपण घातले आहे. शब्दही 'व्यक्ती' आहे, 'नागरिक' नव्हे. परदेशातून आलेल्या पाहुण्यालाही तो लागू होतो. १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीनंतर तर आणीबाणीतही हा अनुच्छेद स्थगित करता येत नाही.

नातीचा एक गुण वाढवून मागण्यासाठी हे पत्र नाही. शिक्षकांना विनंती एवढीच, की प्रश्न काढताना 'दिले'च्या जागी 'मान्य केले' लिहा. आणि एखाद्या मुलीने 'जन्मतःच' असे लिहिले, तर फुली मारण्याआधी तिला वर्गासमोर उभे करून विचारा, तुला असे का वाटले?

– एक निवृत्त शिक्षिका, मिरज