झोपेच्या गोळ्या सोडवणाऱ्यांचे आभार

वऱ्हाडातल्या खेड्यांत झोपेसाठी घेतली जाणारी वर्षानुवर्षांची अल्प्राझोलमची गोळी सुटते, त्यात डॉक्टरच्या चिठ्ठीपेक्षा तुमचा वाटा मोठा. आशाताई, तुम्ही घरी जाऊन रिकामी पाकिटं मोजता, म्हणून खरा डोस कळतो. गोळी एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, हे तुम्ही सोयाबीनच्या सवंगणीतही बांधावर जाऊन सांगता.

औषध निर्माण अधिकाऱ्यांनो, एका वेळी फक्त १५ दिवसांच्या गोळ्या देण्याचं किचकट काम तुमचं. कपात दर दोन ते चार आठवड्यांनी, ५ ते १० टक्के. पाव गोळीहून बारीक तुकडा धड होत नाही, म्हणून डॉक्टर काहींना आधी डायझेपाम या त्याच जातीच्या, पण अंगात जास्त वेळ टिकणाऱ्या गोळीवर आणतात. शेवटचा टप्पा सर्वांत जड. तिथं घाई नकोच. झोप उडते, हात थरथरतात, जीव घाबरतो. अशा वेळी आहे त्याच डोसवर थांबायचं, हे रात्री उशाशी बसून समजावणाऱ्या सुना-नातवंडांनो, गोळीची जागा दारू घेणार नाही यावर लक्ष ठेवणाऱ्या मायबायांनो, आणि चिठ्ठीशिवाय पट्टी न देणाऱ्या मेडिकलवाल्या भाऊंनो, तुमचे मनापासून आभार.