लपवता आलं असतं तेही सांगितलंत, ताई

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमची डिझेल गाडी, क्लचचं पॅडल नसलेली आणि स्वतःच गिअर बदलणारी, माझ्याकडे येऊन आता बरेच महिने झाले. किल्ली हातात घेताना मी "थँक यू" म्हटलं होतं, पण ते व्यवहार उरकल्यावर कुणीही म्हणतो तेवढंच होतं. तुम्ही माझ्यासाठी काय केलंत हे मला गाडी वापरता वापरता उमगत गेलं. जुनी गाडी विकणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनीही ते वाचावं असं वाटलं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

तुमच्याकडे येण्याआधी एका विक्रेत्याकडे याच प्रकारची गाडी पाहिली होती. मी क्लचबद्दल विचारलं, तर तो म्हणाला, "ऑटोमॅटिकला क्लच कुठे असतो साहेब?" इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं होतं, आणि फेरी मारायला दिली ती रिकाम्या सरळ रस्त्यावर. तिथे कुठलीही गाडी चांगलीच वाटते.

तुम्हाला फोन केला तेव्हा किंमत सांगायच्या आधी तुम्ही मलाच विचारलंत, "तुमचं रोजचं जाणं-येणं किती?" मी थोडा चकित झालो. मग तुम्ही समजावलंत. पूर्वी तुमचा रोजचा प्रवास महामार्गावरचा होता, आता कामाची जागा घराजवळ आली आणि गाडी दहा मिनिटांत बंद होऊ लागली. डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, साफ व्हायचा तर आतलं तापमान साधारण 600 अंश सेल्सिअसपर्यंत चढावं लागतं, आणि त्यासाठी गाडी काही वेळ एका लयीत पळावी लागते. अर्ध्यातच इंजिन बंद होत राहिलं तर काजळी साठते आणि ती जाळायला सोडलेलं जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. "तुमचंही जाणं-येणं माझ्यासारखंच असेल तर पेट्रोल घ्या, ही घेऊ नका," असं तुम्ही स्पष्ट म्हणालात. विकायला काढलेल्या गाडीबद्दल असं बोलणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं. माझा प्रवास लांबचा होता म्हणून पुढचं बोलणं झालं.

"सकाळी लवकर या, तोवर मी गाडी सुरू करत नाही," हे तुमचंच वाक्य. आल्या आल्या तुम्ही माझा हात बॉनेटवर ठेवायला लावलात. थंडगार. ड्रायव्हरचं दार उघडलंत तसा आतून बारीक घुंsss असा आवाज आला आणि काही सेकंदांत थांबला. तुम्ही म्हणालात, "हा गिअरचा हायड्रॉलिक पंप. दार उघडलं की दाब भरून घेतो. आता आपण सिग्नलला उभे राहू तेव्हा नीट ऐका. हा सारखा सारखा सुरू व्हायला लागला तर दाब साठवणारा ॲक्युम्युलेटर थकलाय असं समजा." हे मला कोण सांगणार होतं? डिपस्टिक काढून पुसलीत, पुन्हा बुडवलीत, तेलाची पातळी वरच्या खुणेच्या खाली आहे हे दाखवलंत आणि त्यात डिझेल उतरलेलं नाही हे कळावं म्हणून वास घ्यायला लावलात. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून दाखवलंत. फिल्टर जागेवर असलेल्या गाडीत तिथे काळ्या काजळीचा थर नसतो. तो असेल तर फिल्टर फुटलाय किंवा कुणीतरी काढून टाकलाय अशी शंका घ्यायची. मग थंड इंजिन आतून तापवणाऱ्या ग्लो प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबून तुम्ही स्टार्टर मारलात.

फेरीसाठी रस्ताही तुम्हीच निवडलात. आधी खच्चून गर्दीतला, मग चढाचा. या गिअरबॉक्सची खरी परीक्षा तिथेच असते हे मला आता पटलंय. ओपेलची ईझीट्रॉनिक म्हणा, फियाटची ड्युअलॉजिक म्हणा, अल्फा रोमिओची सेलेस्पीड म्हणा, मूळ गोष्ट एकच. आतला गिअरबॉक्स साध्या मॅन्युअल गाडीचाच, क्लच प्लेटही तशीच. फक्त पायाचं आणि हाताचं काम ॲक्च्युएटर करतात आणि त्यांना हुकूम कंप्युटर देतो. म्हणून चढावर ब्रेक न लावता नुसत्या रेसवर गाडी धरून ठेवली की प्लेट जळते, अगदी हाफ क्लचवर उभ्या राहिलेल्या मॅन्युअल गाडीसारखी. तुम्ही चढाच्या मध्यावर मला थांबवलंत. "हँडब्रेक ओढा. आता हळू रेस द्या. पुढचं नाक उचललं? आता सोडा." गाडी मागे न सरकता निघाली. मग त्याच चढावर रिव्हर्स टाकून अगदी हळू मागे घ्यायला लावलीत, कारण क्लच थरथरत असेल तर तो तिथे लपत नाही. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना मान पुढे जायची, तर गिअर पडायच्या क्षणी पाय किंचित हलका करायला तुम्ही शिकवलंत. आता ते आपोआप होतं, आणि शेजारी बसलेल्याला गिअर बदललेला कळतही नाही.

तुमच्या त्या जाड फायलीबद्दल मला जरा जास्त लिहायचंय. तीत क्लच बदलल्याचं बिल होतं, गाडी 80,000 किलोमीटरच्या आसपास असतानाचं. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, आणि त्याखाली वेगळी ओळ: स्कॅनरने अ‍ॅडाप्टेशन. त्या ओळीवर बोट ठेवून तुम्ही म्हणालात, "हे झालेलं नसेल तर नवा क्लचही धक्के देतो." नवी प्लेट कुठे पकडते ते कंप्युटरला नव्याने शिकवावं लागतं. बरेच जण नुसतं "क्लच नवा आहे" म्हणून मोकळे होतात. तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत. मला वर्कशॉपमध्ये नेलंत, माझ्यासमोर स्कॅनर लावायला सांगितलात, क्लचच्या झिजेचा आकडा आणि साठलेले फॉल्ट कोड, म्हणजे कंप्युटरने केलेल्या बिघाडांच्या नोंदी, दाखवलेत. जुना, कमी व्होल्टेजचा एक कोड निघाला, तर बॅटरी थकल्यावर गिअर कसे अडले होते आणि ती बदलल्यावर त्रास कसा थांबला तेही सांगितलंत. तो कोड आदल्या दिवशी पुसून टाकणं तुम्हाला सहज शक्य होतं.

आणि तो इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारा भाग. चारांपैकी एकाचं परत जाणारं डिझेल बाकीच्या तिघांपेक्षा जास्त आहे, म्हणजे तो झिजत आलाय, असा चाचणीचा कागद तुम्ही स्वतःहून माझ्यापुढे ठेवलात. फेरीत मला काहीही जाणवलं नव्हतं. स्टार्टिंग चांगलं, पिकअप चांगला, धूर नाही. मी विचारलं नसतं, कुणीच विचारलं नसतं. "हा पुढच्या वर्षभरात तुम्हाला करावा लागेल, तेवढे पैसे मी किंमतीतून कमी करते," म्हणालात आणि केलेतही. त्या क्षणी माझ्या मनातली घासाघीस संपली. मी तुमच्याशी एका शब्दानेही भाव केला नाही.

इंजेक्टर मी मागच्याच महिन्यात बदलून घेतला. इंजिन सुरू ठेवून गाडी नुसती उभी असताना ती आता आधीपेक्षाही शांत वाटते. डीपीएफ साफ होत असतो तेव्हा इंजिनचा वेग थोडा वाढतो, पंखा जोरात फिरतो. मुक्कामाला पोचलो तरी अशा वेळी लगेच बंद करत नाही, अजून एक चक्कर मारून येतो. 'पी' (पार्किंग) नसलेल्या या गाडीत आधी गिअर, मग हँडब्रेक, मगच किल्ली, हेही तुम्ही सांगितलंय तसंच चाललंय. क्लचची झीज परवा पुन्हा तपासली. तुमच्या वेळच्या आकड्यात फारसा फरक नाही.

घरातले सगळे तुम्हाला नावाने ओळखतात, तुम्हाला कधीही न भेटता. ताई, मनापासून आभार. या बाजूला आलात तर आधी कळवा. गाडी तुम्हाला घ्यायला येईल, आणि चालवायची इच्छा झाली तर खुशाल चालवा.

तुमचा,
गाडीचा नवा मालक