प्रकाशाचे कण : पुरावा नेमका कोणता?

महोदय,

‘प्रकाश कणांचा बनलेला आहे हे आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्येच सिद्ध केले’, असे आपल्या विज्ञानविषयक लेखात ठामपणे म्हटले आहे. बारावीलाही हेच घोटून घेतात, त्यामुळे एकट्या लेखकाला काय बोल लावणार! पण १९०५ मध्ये मांडले गेले ते गृहीतक होते.

धातूवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटतात (हाच प्रकाशविद्युत परिणाम) आणि त्यांची कमाल ऊर्जा प्रखरतेवर नव्हे, तर वारंवारितेवर ठरते. आइन्स्टाइन यांचे हे समीकरण चुकीचे निघेल अशा अपेक्षेने अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ मिलिकन यांनी कित्येक वर्षे प्रयोग केले. समीकरण चोख निघाले, तरी १९१६ मध्येही त्यांना त्यामागची कणांची कल्पना मान्य नव्हती. आइन्स्टाइन यांच्या नोबेलच्या मानपत्रातही उल्लेख आहे तो प्रकाशविद्युत परिणामाच्या नियमाचा, कणांचा नाही. मिलिकन यांचा हा निव्वळ हेका म्हणावा, तर १९६९ मध्ये लॅम्ब आणि स्कली या भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवले की प्रकाश साधी लाट मानून फक्त धातूतील अणूंना क्वांटम नियम लावले, तरी तेच समीकरण मिळते.

खणखणीत पुरावा हवा असेल तर १९८६ चा ग्रांजिए, रॉजे आणि आस्पे यांचा फ्रान्समधला प्रयोग पाहावा. उत्तेजित केलेला कॅल्शियमचा अणू लागोपाठ दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, सोडतो, आधी हिरवा, मग जांभळा. हिरवा टिपला गेला की तेवढ्या काही नॅनोसेकंदांपुरतेच जांभळ्याकडे लक्ष द्यायचे. तो अर्धपारदर्शक आरशावर येतो. आरशाच्या दोन्ही वाटांवर एकेक डिटेक्टर. लाट असती तर ती दोन्हीकडे वाटली जाऊन दोन्ही डिटेक्टर अधूनमधून एकदम वाजले असते. तसे जवळजवळ घडलेच नाही. मग त्याच दोन वाटा दुसऱ्या आरशाने पुन्हा एकत्र आणल्या, तर व्यतिकरणाचे, म्हणजे लाटा एकमेकींत मिसळल्यावर दिसणारे उजेड-अंधाराचे, पट्टे स्वच्छ उमटले! नुसता मंद केलेला प्रकाश वापरून पाहिला, तेव्हा मात्र डिटेक्टर एकदम वाजण्याचे प्रमाण घटले नाही. कॉलेजात लेसर मंद करून ‘पाहा, एकेक फोटॉन जातोय’ असे सांगतात, त्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

तरीही फोटॉन म्हणजे मोहरीचा दाणा नव्हे. दोन दाणे दोन डब्यांत चार प्रकारे ठेवता येतात. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये ढाक्याहून आइन्स्टाइन यांना पाठवलेल्या लेखातील मोजणीने फोटॉनसाठी तीनच प्रकार धरावे लागतात, कारण ‘हा पहिला, तो दुसरा’ असा भेदच तिथे नाही. ज्याला स्वतंत्र ओळख नाही, त्याला कण म्हणावे ते जपूनच.

१९८६ च्या प्रयोगालाही आता बरीच वर्षे झाली. बारावीच्या पुस्तकात त्याला एक पान मिळायला हरकत नसावी. लेखकांनी पुढच्या लेखात तेवढी जागा दिली, तरी खूप झाले.

— एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, सातारा