वकीलपत्रावरची सही

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

घटस्फोटाच्या दाव्यातली वकीलबाईंची उरलेली फी तुझ्या नवऱ्यानेच भरावी, कारण संसार त्याच्यामुळे मोडला, असे तू काल फोनवर म्हणालीस. तुझा राग मला समजतो. परंतु जिल्हा न्यायालयात बत्तीस वर्षे कारकुनी केल्यावर मला यावर गप्प बसवत नाही.

फीचा व्यवहार वकील आणि पक्षकार यांच्यातला असतो. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयाजवळ झेरॉक्सच्या दुकानाच्या काउंटरवर कागद ठेवून तू वकीलपत्रावर सही केलीस, तेव्हा पेन मीच पुढे केले होते. त्या कागदावर त्याचे नाव होते ते केवळ जाबदार, म्हणजे समोरचा पक्ष म्हणून. ज्या पती वा पत्नीला स्वतःचे पुरेसे उत्पन्न नाही, तिला किंवा त्याला हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 प्रमाणे दुसऱ्या बाजूकडून दाव्याचा खर्च मिळू शकतो, आणि तुझ्या अर्जावर 20,000 रुपयांचा तसा हुकूम झालाही होता. मात्र ते पैसे त्याने तुला द्यायचे होते. ते त्याने थकवले म्हणून वकीलबाईंचे तुझ्याकडचे येणे कमी होत नाही. शिवाय परस्पर संमतीच्या अटींत ‘उभयतांनी आपापला खर्च सोसावा, मागील येणे-देणे राहिलेले नाही’ असे वाक्य होते. ते मला वाचतानाच खटकले होते. पण 20 लाखांवर एकरकमी तडजोड होत होती आणि तुला त्या इमारतीची पायरी पुन्हा चढायची नव्हती, म्हणून मी बोललो नाही. त्याच्याकडून यायचे ते 20,000 आपण त्या दिवशीच सोडले.

आता वकीलबाईंनी पत्राने मागितलेल्या 1,60,000 रुपयांविषयी. ठरलेली फी 1,20,000 होती. माझ्या वहीत 40,000, 20,000 आणि 15,000 अशा तीन नोंदी आहेत. पैकी पहिल्या दोन रकमांच्या पावत्या वहीतच टाचून ठेवल्या आहेत. म्हणजे बाकी 45,000 निघते. त्या 60,000 म्हणतात. उरलेले एक लाख त्यांनी तडजोडीच्या रकमेवर पाच टक्के म्हणून लावले आहेत आणि त्यातला एक पैसाही आपण देणे लागत नाही. निकालावर अवलंबून असलेली किंवा मिळालेल्या रकमेत वाटा मागणारी फी ठरवण्यास बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनीच मनाई आहे. तेलंगणातील एका बाईकडून तिच्या वकिलाने अपघाताच्या भरपाईतील टक्केवारीपोटी धनादेश घेतला होता. तो न वटल्यावर तिच्यावर झालेली फौजदारी कारवाई सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये याच कारणाने रद्द केली. म्हणून ‘हिशेब नंतर पाहू, आधी चेक द्या’ असे कोणी म्हटले, तर देऊ नकोस.

फी चुकती होईपर्यंत लग्नाचा दाखला आणि बँकेची मूळ कागदपत्रे मिळणार नाहीत, असे त्यांच्या कार्यालयातून तुला सांगण्यात आले, हेही बरोबर नाही. थकलेल्या फीसाठी पक्षकाराची कागदपत्रे वकिलाला अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच स्पष्ट केले आहे. हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत तर तू स्वतः अर्ज करून नक्कल विभागातून घेऊ शकतेस. त्यासाठी कोणाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत.

तुझ्या मामाचे म्हणणे, गप्प बसलो तर त्या विसरतील. फीच्या वसुलीसाठी दावा लावायला तीन वर्षांची मुदत असते, आणि वकिलाला दावा लावायला दुसरा वकील शोधावा लागत नाही. तू महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करायचे म्हणतेस. त्याची घाई नको. त्या बाईंनी अडीच वर्षे तुझी एकही तारीख चुकवलेली नाही, भर पावसातसुद्धा, आणि त्या कामाचे पैसे राहिले आहेत.

तेव्हा आधी लेखी हिशेब माग. 45,000 रुपये बँकेतून त्यांच्या खात्यावर भर, रोख देऊ नकोस, आणि टक्केवारी मान्य नसल्याचे व कागदपत्रे परत हवी असल्याचे पत्र नोंदणीकृत स्पीड पोस्टाने पाठव. 15,000 मी न्यायालयाच्या व्हरांड्यात त्यांच्या हातात दिले आणि पावती मागायला संकोचलो. ती रक्कम त्यांनी नाकारलीच, तर तेवढे पैसे मी भरीन. त्यावरून तू त्यांच्याशी वाद घालू नकोस.

पत्राचा मसुदा सोबत जोडला आहे. तारीख घालून सही कर.

तुझे,
बाबा